दाराबाहेरच्यांचा आवाज

१

१८ फेब्रुवारी २०२२ रोजी दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ या बँडचा ‘रक्षक’ हा अल्बम बाहेर आला. दहा गाणी, हिंदी, पंजाबी आणि इंग्रजी अशा तीन भाषा, ढोल, बासरी आणि त्यांच्या अंगावर धावून येणारी गिटार. मागे कुठलीही रेकॉर्ड कंपनी नव्हती. बँडनेच तो घडवला आणि बँडनेच प्रसिद्ध केला. तरी बिलबोर्डच्या याद्यांत शिरकाव करणारा तो भारतातला पहिला मेटल अल्बम ठरला. ज्या शहरात तो घडला, तिथल्या अनेकांच्या कानावर बँडचं नाव पडलं ते मात्र परदेशी फेस्टिव्हलांच्या बातम्यांतून.

या पुस्तकातले लेख त्या अल्बमविषयी आहेत, आणि त्या निमित्ताने दिल्ली-एनसीआरमधल्या कर्कश संगीताविषयीही. मराठीत गाण्यावर लिहिण्याची परंपरा मोठी आहे. घराणी, बंदिशी, नाट्यपदं, लावणी, भावगीत यांवर कपाटं भरतील एवढी पुस्तकं आपल्याकडे आहेत. ज्या गाण्यात शब्द ओरडून म्हटले जातात, ज्यात तंबोऱ्याच्या जागी फाटक्या आवाजाचा अ‍ॅम्प्लिफायर असतो, त्याला मात्र आपण ‘गोंगाट’ असा शेरा मारून मोकळे होतो. गोंगाट तो आहेच. पण कुणी, कशासाठी आणि कुठे उभं राहून केलेला, याची चौकशी करायला हरकत नसावी.

एक हरकत जाणकार आधीच घेतील, म्हणून ती इथेच निकालात काढतो. पुस्तकाच्या उपशीर्षकात हार्डकोर पंकचा उल्लेख आहे आणि ‘ब्लडीवूड’ हा काटेकोर अर्थाने हार्डकोर बँड नाही. त्यांना लोक फोक मेटल म्हणतात, कुणी न्यू मेटल म्हणतं. हार्डकोरचं नाव अधिक हक्काने लावता येईल असा बँड आपल्याकडे मुंबईत होऊन गेला. तो ‘स्क्राइब’. ‘मार्क ऑफ तेजा’ (२०१०) आणि ‘हेल मोगॅम्बो’ (२०१४) ही त्यांच्या अल्बमांची नावंच सांगतात की हिंदी सिनेमाची टवाळी आणि गळा फाडून ओरडणं एकत्र नांदू शकतं. तरीही दिल्लीपुरता विचार करायचा तर ‘रक्षक’च निवडावा लागतो. कारण हार्डकोरचा वारसा वेगात किंवा केसांच्या रंगात शोधला तर सापडत नाही. तो काम करण्याच्या रीतीत असतो, आणि त्या रीतीचा दिल्लीतला सगळ्यात ठळक दाखला हाच आहे. ही रीत कुठून आली, हे समजायला दुसऱ्या एका राजधानीत जावं लागतं.

२

हार्डकोर पंक १९८०च्या आसपास अमेरिकेत उभा राहिला. लंडन आणि न्यूयॉर्कचा आधीचा पंक तोवर मोठ्या कंपन्यांच्या दुकानात मांडला गेला होता. लॉस एंजेलिसच्या ‘ब्लॅक फ्लॅग’ने, सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘डेड केनेडीज’ने आणि वॉशिंग्टनच्या पोरांनी तो पुन्हा हातात घेतला. वेग वाढवला, सोलो वगैरे नखरे काढून टाकले, गाणं दीड-दोन मिनिटांत संपवलं. राग जेवढा टिकतो तेवढंच गाणं लांब, असा सरळ हिशेब होता.

वॉशिंग्टनची गोष्ट आपल्या कामाची आहे, कारण ते दिल्लीसारखंच सरकारी नोकऱ्यांचं शहर. तिथल्या ‘मायनर थ्रेट’ या हार्डकोर बँडचा गायक इयन मॅके हा ‘वॉशिंग्टन पोस्ट’मधल्या पत्रकाराचा मुलगा, ड्रमर जेफ नेल्सनचे वडील परराष्ट्र खात्यात. त्यांच्या आधी आणि त्यांच्याहून वेगाने वाजवणारा ‘बॅड ब्रेन्स’ हा कृष्णवर्णीय तरुणांचा बँड. जॅझ-फ्यूजन वाजवता वाजवता ते पंककडे वळले होते, म्हणून त्यांच्या वेगात तालीम दिसते. आणि मध्येच सगळं थांबवून ते रेगे वाजवायचे. सत्तेच्या दारात वाढलेली आणि सत्तेने दाराबाहेर ठेवलेली, अशी दोन्ही प्रकारची मुलं एकाच गावात एकाच प्रकारचं संगीत करत होती.

या पोरांची पहिली अडचण वैचारिक नव्हती, व्यवहाराची होती. बँड वाजतात क्लबमध्ये, क्लब चालतो दारूवर, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला दारूच्या जागी प्रवेश नाही. ‘टीन आयडल्स’ हा मॅके आणि नेल्सनचा आधीचा बँड कॅलिफोर्नियात गेला, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबने त्यांच्या हातांच्या पाठींवर काळ्या फुल्या मारून त्यांना आत घेतलं: ही पोरं लहान आहेत, यांना दारू देऊ नका. परत आल्यावर वॉशिंग्टनच्या क्लबांपुढे त्यांनी हाच तोडगा ठेवला. आम्हाला दारू नको, आत येऊ द्या. पुढे त्या फुलीचा एक अख्खा व्यसनमुक्त पंथ झाला. पण मुळात ती फुली म्हणजे नुसता गेटपास होता.

‘टीन आयडल्स’ साधारण वर्षभरात फुटला. गिगमधून साठलेले सुमारे ६०० डॉलर वाटून घेण्याऐवजी पोरांनी त्यातून आपलीच रेकॉर्ड काढायचं ठरवलं. रेकॉर्डिंग झालं ते पोटोमॅक नदीपलीकडे, व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन गावी, डॉन झिएंटारा नावाच्या माणसाच्या तळघरात. वेष्टनाचा साचा मिळवण्यासाठी त्यांनी दुसऱ्या एका रेकॉर्डचं कव्हर उसवलं, आखून घेतलं, आणि छापून आलेले कागद हाताने कापून, दुमडून, गोंदाने चिकटवत बसले. मुखपृष्ठावर फुल्या मारलेले दोन हात. पहिली छपाई हजार प्रतींची. बँड तेव्हा अस्तित्वातही नव्हता. या कामासाठी जे नाव घेतलं ते ‘डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स’. या कंपनीचा कारभार आर्लिंग्टनमधल्या एका साध्या घरातून चालायचा.

या धाग्याला पुढे दोन पदर फुटले. पहिला परवडणाऱ्या तिकिटाचा. मॅकेच्या नंतरच्या ‘फुगाझी’ या बँडने वर्षानुवर्षं पाच डॉलरच्या आसपासची तिकिटं ठेवली आणि सगळ्या वयाच्या लोकांना प्रवेश असेल तिथेच वाजवायचं असा नेम पाळला. दुसरा, गाण्याबरोबर एखादं काम हाती घेण्याचा. १९८५च्या उन्हाळ्यात याच मंडळींनी वर्णभेदाचा निषेध म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीबाहेर ड्रम, बादल्या, मिळेल ते बडवत निदर्शनं केली. गिगचे पैसे बेघरांसाठी, दवाखान्यांसाठी देण्याची रीत तिथेच पक्की झाली.

३

आता दिल्लीत येऊ. नदी ओलांडली की दुसरं राज्य, हे इथेही तसंच: यमुनेपलीकडे नोएडा म्हणजे उत्तर प्रदेश, दक्षिणेला गुरगाव म्हणजे हरियाणा. एखाद्या बँडमधली चार माणसं तीन राज्यांत राहतात आणि जॅमिंगसाठी सीमा ओलांडतात. दिल्लीत दारूसाठी कायद्याने ठरवलेलं वय आहे २५. शेजारच्या हरियाणाने २०२१च्या डिसेंबरात कायदा बदलून ते २५वरून २१वर आणलं. प्रत्यक्षात दारावरचा बाउन्सर चेहरा बघून काय ते ठरवतो, ही गोष्ट वेगळी. पण ज्या शहरात गाण्याच्या जागा म्हणजे हौज खासपासून सायबर हबपर्यंतचे बार आणि रेस्टॉरंट, तिथे या आकड्याचा अर्थ काय होतो ते पाहा. हार्डकोर ज्या वयात जन्मतो, सोळा ते तेवीस, ते वय इथे बहुतांशी कागदोपत्री दाराबाहेर आहे. आत बसलेला गिऱ्हाईक जेवायला आलेला असतो. बँडने मोठा आवाज केला तर मॅनेजर येऊन कमी करायला सांगतो.

मोकळ्या मैदानाला वेगळा नियम. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. मुंबईकरांना याची किंमत ठाऊक आहे. धोबी तलावचं रंगभवन शांतता क्षेत्रात आलं, आणि ज्या खुल्या रंगमंचावर ‘इंडिपेंडन्स रॉक’मध्ये पिढ्यांनी डोकी हलवली तो गप्प झाला. बाजूला इस्पितळं आहेत, त्यामुळे नियमाला नावं ठेवता येत नाहीत. पण गेलेल्या जागेच्या बदल्यात दुसरी जागा कुणी दिली नाही, हेही तितकंच खरं.

याचा अर्थ दिल्लीत काहीच नव्हतं असा नाही. ‘इंडियन ओशन’ १९९०पासून आणि ‘परिक्रमा’ १९९१पासून याच शहरात वाजवत आले. अलाहाबादेत १९९३ साली निघालेलं ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ पुढे दिल्लीत आलं आणि १९९७पासून त्यांच्या ‘ग्रेट इंडियन रॉक’ने गावोगावच्या बँडना मोठा मंच दिला. संपादक अमित सैगल २०१२ साली गेले, तेव्हा या क्षेत्रातल्या अनेकांना घरातला वडीलधारा गेल्यासारखं वाटलं. ‘अनडाइंग इंक’सारखे मेटल बँड इथलेच. २००९मध्ये सुरू झालेला ‘द स्का वेंजर्स’ तर स्का-रेगेच्या ठेक्यावर थेट सत्ताधाऱ्यांना नावानिशी टोमणे मारत होता.

पण व्यवस्था कच्ची ती कच्चीच. २८ ऑक्टोबर २०११ रोजी गुरगावात ‘मेटॅलिका’चा पहिलावहिला भारतीय कार्यक्रम व्हायचा होता. गर्दी आवरेना, स्टेजपुढचा कठडा तुटला, कार्यक्रम आधी पुढे ढकलला आणि मग रद्द झाला. संतापलेल्या लोकांनी स्टेजवर चढून सामानाची मोडतोड केली. दोन दिवसांनी बंगळुरूत तोच कार्यक्रम सुरळीत झाला. देशभरातून पैसे खर्चून आलेल्या पोरांना एनसीआरने काय दिलं, तर मोकळ्या मैदानात परतीची वाट. जागेअभावी एका पिढीचं संगीत कसं अडतं, याचं हे सगळ्यात मोठ्या आवाजातलं उदाहरण.

४

‘ब्लडीवूड’ची सुरुवात २०१६ची. करण कटियार वकिली करत होता. ती नोकरी सोडून तो घरात संगीत आणि व्हिडिओ करायला बसला. गिटार आणि बासरी तो स्वतः वाजवतो, मिक्सिंग-निर्मितीही त्याचीच. जयंत भदुला गायक. एका दमात पंजाबी सूर लावणारा आणि दुसऱ्या दमात पोटातून गुरगुरणारा गळा त्याच्याकडे आहे. २०१८मध्ये इंग्रजी रॅप करणारा राउल कर आला आणि तिकडी पूर्ण झाली.

पहिली काही वर्षं हे लोक चक्क थट्टा करत होते. गाजलेली हिंदी-पंजाबी गाणी घ्यायची आणि त्यांचं मेटल करून इंटरनेटवर टाकायची. दलेर मेहंदींच्या ‘तुनक तुनक तुन’चीही सुटका झाली नाही. थट्टेतून गिऱ्हाईक मिळालं. गिऱ्हाईक मिळाल्यावर त्यांनी थट्टा थांबवून स्वतःची गाणी लिहायला घेतली. हा टप्पा महत्त्वाचा. इंटरनेटवर दहा लाख लोकांना हसवणं सोपं, त्यांनाच नंतर नैराश्याविषयीचं गाणं ऐकवणं अवघड. ‘जी वीरे’ हे ते गाणं. ते निघालं तेव्हा बँडने समुपदेशनाची सत्रं स्वतः विकत घेऊन श्रोत्यांना फुकट दिली. ‘याद’ हे माणूस आणि कुत्र्याच्या मैत्रीचं गाणं आलं, तेव्हा भटक्या जनावरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला रुग्णवाहिका घेऊन दिली. वॉशिंग्टनच्या पोरांची रीत ती हीच, नदी फक्त वेगळी.

२०१९मध्ये जर्मनीतल्या वाकेन या छोट्या गावी भरणाऱ्या जगातल्या मोठ्या मेटल फेस्टिव्हलात त्यांना बोलावणं आलं. त्या युरोप दौऱ्याला त्यांनी नाव दिलं ‘राज अगेन्स्ट द मशीन’ आणि त्याची चित्रफीतही स्वतःच केली. शहरातल्या बारमध्ये वर्षानुवर्षं घासून मग परदेशी जाणं हा जुना क्रम त्यांनी उलटा केला. व्हिडिओ आधी, जर्मनी नंतर, आणि घरचा मोठा मंच सगळ्यात शेवटी. शहराने हॉल दिला नाही, म्हणून त्यांनी यूट्यूबचा हॉल केला. आणि त्या हॉलला वयाची अट नव्हती. तिथे बसलेल्या सोळा वर्षांच्या पोराला कुणी ओळखपत्र मागितलं नाही. श्रोत्यांची मासिक वर्गणी, टी-शर्टांची विक्री, हेच त्यांचं भांडवल. त्या ६०० डॉलरांचा हा दिल्लीतला अवतार.

५

आता ऐकण्याविषयी. ज्यांनी असं संगीत कधी ऐकलेलं नाही त्यांनी ‘रक्षक’ मोबाइलच्या स्पीकरवर लावू नये. त्यावर अर्धा अल्बम ऐकूच येत नाही. बरे हेडफोन घ्या आणि पहिल्यांदा गिटारकडे लक्षच देऊ नका. ढोल शोधा.

पंजाबी ढोलाच्या दोन काठ्या असतात. जाड, वाकडी तो डग्गा. तो घुमारेदार अंगावर पडतो. वेताची बारीक ती तिल्ली. ती चाटीवर कडकडते. आपल्या ढोल-ताशा पथकात घुमारा ढोलाचा आणि कडकडाट ताशाचा अशी वाटणी असते, पंजाबी ढोल्या दोन्ही कामं एकटाच करतो. मेटलच्या गर्दीत डग्ग्याची पंचाईत होते, कारण खालच्या पट्टीत आधीच बास, ड्रमचा किक आणि उतरवून लावलेली गिटार बसलेली असते. तिल्ली मात्र त्या सगळ्यांवरून निसटते. आधी तीच सापडते आणि तिच्या बोटाला धरून मग डग्गा ऐकू येतो. भांगड्याची चाल झुलती. मेटलचा ठेका सरळ, चौकोनी. झुलणारा ठेका चौकोनात बसवताना जी ओढाताण होते, तीच या अल्बमची गंमत. जिथे ती ओढाताण नाही, तिथे ढोल नुसता शोभेचा वाटतो, आणि अशा जागाही अल्बममध्ये आहेत.

दुसऱ्यांदा ऐकताना गाण्याचा उत्तरार्ध पाहा. सुसाट चाललेलं गाणं अचानक अर्ध्या लयीत येतं, गिटार तोडून तोडून ठोके देते आणि समोरची गर्दी एकदम उसळते. याला ब्रेकडाउन म्हणतात, आणि हे थेट हार्डकोरचं देणं आहे. ‘बॅड ब्रेन्स’च्या लयबदलांतून आणि न्यूयॉर्कच्या ‘क्रो-मॅग्स’सारख्या बँडमधून ते मेटलमध्ये आलं. आपल्या कानाला ते परकं वाटू नये; द्रुतात धावणारा वादक मध्येच ठाय लयीत उतरला की मैफिलीतली माणसं अशीच सरसावून बसतात. तिसरी खूण म्हणजे घोळक्याने ओरडलेल्या ओळी. गायक एकटा राहत नाही, शब्द सगळ्यांचा होतो. पोवाड्यात झीलकरी जे करतात, तेच हे.

६

या अल्बमचा राग कशावर आहे? ‘गद्दार’ धर्माच्या नावाने माणसं फोडणाऱ्या राजकारणावर आहे. ‘मची भसड’ उठावाची हाक देतं. ‘दना दन’ लैंगिक अत्याचार करणाऱ्यांना ठोकून काढण्याची भाषा बोलतं. ‘एंड्युरंट’ शाळेतल्या दादागिरीविषयी आहे, ‘जंजीरों से’ बेड्या तोडण्याविषयी. एका गाण्याचं नाव दिल्लीच्या रस्त्यावरची शिवी आहे, शेपटीला संगणकाची ‘ईएक्सई’ लावलेली. ते मी इथे लिहीत नाही; दिल्लीकराला सांगावं लागत नाही आणि इतरांना पुढच्या लेखात कळेलच.

मराठी वाचकाने इथे बिचकायचं कारण नाही. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला, तेव्हा विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली. पण त्याआधी ते ढसाळांबरोबर रात्री त्या कवितांमधली वस्ती हिंडून आले. न कळलेल्या शब्दांचे अर्थ त्यांनी कवीला विचारून घेतले. प्रस्तावना लिहिणाऱ्याने दाराच्या आतल्या बाजूला उभं राहून बाहेरच्याला प्रशस्तिपत्र द्यायचं नसतं, हा धडा आपल्याला तिथे मिळाला आहे. स्वतःच्या पैशांनी, सायक्लोस्टाइलवर, कुणाची परवानगी न घेता नियतकालिकं काढणारी साठच्या दशकातली मंडळी आपल्याकडे होतीच. अशोक शहाण्यांचं ‘असो’ १९६३चं. गोंदाने कव्हरं चिकटवणारी वॉशिंग्टनची पोरं त्यांना परकी वाटली नसती.

दिल्लीलाही हा आवाज नवा नाही. गाझियाबादजवळ साहिबाबादच्या झंडापूर वस्तीत १ जानेवारी १९८९ रोजी जन नाट्य मंचाचं ‘हल्ला बोल’ हे पथनाट्य चालू असताना हल्ला झाला; सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी गेले, राम बहादूर हा कामगारही मारला गेला. ४ जानेवारीला मलयश्री हाश्मी आणि सहकाऱ्यांनी त्याच जागी अर्धवट राहिलेला प्रयोग पूर्ण केला. एनसीआरमध्ये मोठ्याने बोलण्याची किंमत काय असू शकते, हे ज्याला माहीत आहे त्याला ‘गद्दार’सारखं गाणं नुसता दंगा वाटत नाही.

पण तुलना केली की तफावतही दिसते, आणि ती दाखवणं प्रस्तावनेचं काम आहे. ढसाळांची कविता नेमक्या गल्लीत उभी असते. झंडापूरच्या नाटकाला मजुरीचा आकडा ठाऊक होता. ‘रक्षक’मधला शत्रू बरेचदा बिनचेहऱ्याचा आहे. भ्रष्ट नेता, क्रूर जमाव, वाईट व्यवस्था अशी त्याची रूपं आहेत आणि त्यांच्याविरुद्ध ‘उठा, हरू नका’ अशी हाक. अशी हाक जर्मनीतल्या चिखलात उभ्या असलेल्या माणसालाही कळते, हा तिचा फायदा. दिल्लीतल्या कुणालाही ती झोंबत नाही, हा तोटा. ‘द स्का वेंजर्स’ने जी नावं घेतली ती इथे नाहीत.

‘दना दन’चा प्रश्न आणखी अवघड. डिसेंबर २०१२मधल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतरच्या दिल्लीत हा राग खोटा म्हणता येत नाही. रायसीनावर पाण्याचे फवारे अंगावर घेणाऱ्या मुली या शहराने पाहिल्या आहेत. पण त्या मुली रस्त्यावर मोकळेपणाने फिरण्याचा हक्क मागत होत्या, आणि गाणं मात्र पुरुषाच्या गळ्यातून बदल्याची भाषा बोलतं. रक्षण करणारा कोण आणि कुणाच्या वतीने, हे अल्बम विचारत नाही. हार्डकोरलाही हा प्रश्न टाळता आला नव्हता. स्टेजसमोरच्या धक्काबुक्कीत मुली कोपऱ्यात ढकलल्या जात होत्या. १९८५मध्ये वॉशिंग्टनच्या बँडनी त्या मारामारीकडे पाठ फिरवली, आणि १९९१च्या आसपास ‘बिकिनी किल’सारख्या बँडच्या मुलींनी मुलींना पुढे यायला सांगून गर्दीचा नकाशाच बदलला. दिल्लीच्या कर्कश संगीतात ते वळण अजून यायचं आहे. या पुस्तकात एका लेखाचा विषय हाच आहे आणि त्यातलं मत या प्रस्तावनेहून कडक आहे.

७

मार्च २०२५मध्ये ‘ब्लडीवूड’चा पुढचा अल्बम ‘न्यू दिल्ली’ आला, तो ‘फिअरलेस रेकॉर्ड्स’ या अमेरिकी कंपनीकडून. एका गाण्यात जपानचा ‘बेबीमेटल’ सोबतीला आहे. मग स्वतःच्या पायावर उभं राहण्याच्या गप्पा संपल्या का? कट्टर लोक तसं म्हणतील. मला तसं वाटत नाही. स्वतः करणं हा धर्म नव्हे, ती गरज असते: कुणी करून देत नाही तोवर आपण करायचं. कुणी विचारायला आला, की आपली किंमत आपणच ठरवलेली असते, हा त्याचा लाभ. ‘रक्षक’ जेव्हा झाला तेव्हा विचारायला फारसं कुणी येत नव्हतं, म्हणून या पुस्तकाने तोच निवडला.

लेखांचा क्रम गाण्यांचाच ठेवला आहे. घाई असेल त्यांनी ‘जी वीरे’, ‘याद’ आणि ‘गद्दार’ हे तीन लेख आधी वाचावेत. बँडची मवाळ बाजू, काम करण्याची रीत आणि राग यांची त्यातून ओळख होते. संगीताच्या परिभाषेची धास्ती बाळगू नये, ती जिथे येते तिथेच उलगडली आहे. गाण्यांच्या ओळी आम्ही छापलेल्या नाहीत. त्या कानाने घ्यायच्या आहेत, कागदावर त्या निम्म्याने उतरतात.

एवढं झाल्यावर अल्बम आवडला की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण त्याआधीचा एक प्रश्न सगळ्यांचा आहे. आपल्या गावात सतरा वर्षांच्या चार पोरा-पोरींना अ‍ॅम्प्लिफायर लावून संध्याकाळी सात ते साडेनऊ वाजवायला जागा आहे का? दिल्लीत मराठी मंडळांकडे सभागृहं आहेत, पुण्या-नागपुरात नाट्यगृहं दुपारी रिकामी पडलेली असतात, गणेशोत्सवात आपण दहा दिवस मांडव घालतोच. यातली एखादी संध्याकाळ दारूशिवाय, स्वस्त तिकिटात, कुठल्याही वयाच्या माणसाला खुली ठेवायला कुठलीही क्रांती लागत नाही. एक किल्ली आणि एक जबाबदार माणूस लागतो. वॉशिंग्टनमध्ये एवढ्यावर भागलं होतं. पोरं काय वाजवतील ते बहुधा आपल्याला आवडणार नाही. न आवडलं तर तसं सांगावं, आणि पुढच्या महिन्याची तारीखही द्यावी.